आमची जीपी सर्जरी: फोनला एक स्टार, नर्सला पाच

दर सप्टेंबरात आमच्या इंग्लंडमधल्या रेडिंगच्या मराठी ग्रुपवर नवीन आलेल्या कोणाचा तरी मेसेज येतोच, "इथे चांगला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, कोणता?" आणि मग खाली धडाधड उत्तरं, अर्धी "आमचा बेकार आहे" आणि उरलेली "सगळे सारखेच हो". दरवेळी तेच तेच टाइप करून बोटं दुखली म्हणून आता एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय. सर्जरीचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण खाली एक बऱ्यापैकी मोठी तक्रार आहे आणि तिथली निम्मी माणसं मला टेस्कोच्या भाजीच्या शेल्फापाशी भेटतात.

आणि हो, सर्जरी म्हणजे दवाखाना. 2016 मध्ये आम्ही नवीन नवीन आलो तेव्हा मी कोल्हापूरला आईला फोनवर सहज बोलून गेले, "आज ह्यांना घेऊन सर्जरीला गेले होते", तर अर्ध्या तासात मामा, मावशी, शेजारच्या काकू सगळ्यांचे फोन सुरू, कसली सर्जरी, किती टाके, आम्हाला आधी कळवलं का नाही. आम्ही गेलो होतो रजिस्ट्रेशनचा फॉर्म द्यायला.

तर त्या फॉर्मपासूनच सुरू करते. इंग्लंडमध्ये जीपीकडे नाव घालायला पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसा दाखवलाच पाहिजे असा नियम नाही. तरी रिसेप्शनवर मागतात. आमच्याकडे कौन्सिल टॅक्सचं बिल मागितलं, आम्हाला इथे येऊन चार दिवस झालेले, बिल कुठून आणणार. मी गुपचूप परत आले. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या एका इंग्लिश बाईने सांगितलं की परत जा आणि प्रॅक्टिस मॅनेजरला भेट, गेले, दोन मिनिटांत काम झालं. नवीन लोकांनो हे लक्षात ठेवा, नाही म्हटलं की आपण लगेच माघारी फिरतो, फिरू नका. आणि हे फुकट मिळतंय म्हणून खाली मान घालून उभं राहायचंही कारण नाही, व्हिसाबरोबर बहुतेक मोठ्या माणसांमागे वर्षाला 1,035 पौंडांचा (मुलांना आणि विद्यार्थ्यांना कमी) हेल्थ सरचार्ज आपण आधीच भरून आलेले असतो, पगारातून कापलं जातं ते वेगळंच.

आता फोन. सकाळी आठला लाइन उघडते. 7.59 ला लावला तर "आम्ही बंद आहोत" ची टेप, 8.00 ला लावला तर एंगेज, 8.01 ला लागला तर "तुमचा रांगेतला क्रमांक 27". मग ते संगीत. माझ्या मुलाला ते संगीत तोंडपाठ आहे, तो डबा भरताना गुणगुणतो. 27 चा 1 होईपर्यंत 8.40, म्हणजे शाळेची वेळ, आणि मग "आजच्या अपॉइंटमेंट्स संपल्या, उद्या आठला फोन करा". आपल्याकडे कसं, दवाखान्यात जाऊन नंबर लावायचा, पुढे अकरा जण आहेत हे डोळ्यांनी दिसायचं, मग मंडईत एक चक्कर मारून यायचं. इथे रांग दिसतच नाही त्यामुळे जीव जास्त जळतो.

ऑक्टोबर 2025 पासून सर्जरींना ऑनलाइन फॉर्म दिवसभर, सकाळी 8 ते संध्याकाळी साडेसहा, चालू ठेवणं बंधनकारक झालंय. आमच्यांनीही ठेवलाय, आणि खरं सांगायचं तर मी आता फोनच्या नादाला फारशी लागत नाही. फक्त तो फॉर्म भरताना "थोडं बरं नाही" असलं लिहू नका. किती दिवस झाले, वाढतंय की कमी होतंय, काय घेऊन बघितलं, आधी असं झालं होतं का, आणि तुम्हाला नक्की कशाची भीती वाटतेय तेही लिहा. मी पहिल्यांदा लाजत लाजत दोन ओळी लिहिल्या तर तीन दिवसांनी एसएमएस आला की फार्मसीत विचारा. दुसऱ्या वेळी दहा ओळी लिहिल्या, दुपारी फोन आला. अर्थात छातीत दुखणं, श्वास लागणं असलं काही असेल तर फॉर्म भरत बसायचं नाही, सरळ ॲम्ब्युलन्सचा 999 लावायचा.

रिसेप्शनवरच्या बायका "काय होतंय?" विचारतात ह्याचा आपल्या लोकांना फार राग येतो. मलाही यायचा. डॉक्टरला सांगीन ना, तुला कशाला, आणि तेही मागे सहा जण उभे असताना. पण त्या चौकशी करतात ती कोणाकडे पाठवायचं ते ठरवायला, कारण आता आत नुसते डॉक्टर नसतात, नर्स असते, फार्मासिस्ट असतो, गुडघे-खांदेवाला फिजिओ असतो. जानेवारी 2024 अखेरपासून घसा, सायनस, मुलांचा कान, किडा चावून झालेलं इन्फेक्शन, इम्पेटायगो (त्वचेवर खपल्या धरणारं इन्फेक्शन), नागीण आणि बायकांचं साधं लघवीचं इन्फेक्शन ह्या सात गोष्टींसाठी सरळ केमिस्टच औषध देऊ शकतो, अगदी अँटिबायोटिकसुद्धा, वयाच्या काही अटी आहेत पण बहुतेक जण त्यात बसतात. मला लघवीच्या इन्फेक्शनसाठी रिसेप्शनवालीने तिकडे पाठवलं तेव्हा वाटलं कटवतेय, पण वीस मिनिटांत पडद्यामागे बसवून नीट प्रश्न विचारून गोळ्या हातात. आणि सर्जरीच्या रिसेप्शनवर हळू आवाजात "बाजूला बोलू शकते का?" म्हटलं तर शेजारच्या छोट्या खोलीत नेतात. हे मला पाच वर्षांनी कळलं. भिंतीवर बोर्ड आहे तसा, पण त्याच्या पुढ्यात कुंडी आहे.

वेटिंग रूम स्वच्छ आहे. चेक-इनच्या स्क्रीनवर पंजाबी, गुजराती, उर्दू, पोलिश सगळं आहे, मराठी नाही. पार्किंगचं नाव काढू नका.

आता उपचारांकडे. इथे एका अपॉइंटमेंटला साधारण दहा मिनिटं आणि एकच तक्रार, असा शिरस्ता आहे. आपल्याला सवय कशी, "डॉक्टर, आलेच आहे तर हा गुडघापण बघा". इथे गुडघ्यासाठी परत आठ वाजता. मी आता घरून कागदावर लिहून नेते आणि सगळ्यात महत्त्वाचं पहिल्या वाक्यात सांगते, नाहीतर खरं दुखणं आठव्या मिनिटाला निघतं आणि तोवर डॉक्टर दाराकडे बघायला लागलेले असतात.

मुलाच्या खोकल्याचं सांगते कारण त्यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. तो साडेतीन वर्षांचा होता, नर्सरीत जायला लागल्यापासून नाक कायम गळतंय, खोकला बारा दिवस झाले तरी जाईना. कोल्हापूरला असते तर दुसऱ्या दिवशी गुलाबी सिरप चालू झालं असतं. इथे डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, कान बघितले, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावला, श्वास मोजले, म्हणाल्या व्हायरल आहे, खोकला तीन-चार आठवडेसुद्धा राहतो, पॅरासिटामॉल आणि पाणी. मी जाम चिडले. पॅरासिटामॉल सांगायला डॉक्टर कशाला! पण मी उठायच्या आत त्यांनी एका कागदावर लिहून दिलं की अमुक इतका ताप इतके दिवस, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, डायपर बारा तास कोरडा राहिला, मूल मलूल पडलं, तर वाट बघायची नाही, लगेच फोन, रात्री असेल तर 111, म्हणजे एनएचएसची (इथल्या सरकारी आरोग्यसेवेची) हेल्पलाइन. ह्याला ते सेफ्टी नेटिंग म्हणतात. आता नऊ-दहा वर्षांनी माझं मत असं झालंय की डॉक्टर चांगला की वाईट हे त्याने औषध दिलं की नाही ह्यावरून ठरवू नका, "बरं नाही वाटलं तर नक्की कधी आणि कशासाठी परत यायचं" हे त्याने न विचारता सांगितलं की नाही, ते बघा. सोळाव्या दिवशी खोकला आपोआप गेला. आईला मी सांगितलं सिरप दिलं म्हणून. तिला कशाला उगाच काळजी.

हो, पण तक्रार. ही नवऱ्याची आहे आणि मोठी आहे.

2024 च्या दिवाळीनंतर त्याला ॲसिडिटी सुरू झाली. फराळामुळे असेल म्हणून आम्ही महिनाभर दुर्लक्ष केलं. मग जानेवारीत गेला, एका तरुण मुलाने तपासलं, छान बोलला, ओमेप्राझोल दिलं चार आठवडे. नंतर कळलं तो डॉक्टर नव्हता, फिजिशियन असोसिएट होता, म्हणजे दोन वर्षांचा कोर्स केलेला. त्याने सांगितलंही असेल, पण आपल्याला गळ्यात स्टेथोस्कोप दिसला की डॉक्टरच वाटतो. (2025 च्या जुलैत लेंग रिव्ह्यू आला, म्हणजे ह्या असोसिएट लोकांच्या कामाबद्दल सरकारने करून घेतलेला अहवाल, त्यात हेच सुचवलंय की ह्यांना असिस्टंट म्हणा आणि निदान न झालेला पेशंट सरसकट त्यांच्यापुढे बसवू नका.) गोळी होती तोवर बरं, गोळी संपली की परत जळजळ. मार्चमध्ये परत फोन, ह्या वेळी टेलिफोनवर एक लोकम (बदली) डॉक्टर, चार मिनिटं, परत ओमेप्राझोल, डोस दुप्पट. मे महिन्यात तिसऱ्यांदा, तिसरा माणूस, "तिखट कमी खा". नवऱ्याने सांगितलं की मी तीन महिने वरण-भात आणि दूधभात खातोय. तरी "इंडियन फूड" चं पत्रक मिळालं. मला त्या पत्रकाचा इतका राग आला, त्यात चिकन टिक्का मसाल्याचा फोटो होता आणि आमच्याकडे चिकन होतच नाही.

तीन वेळा, तीन माणसं, आणि मागच्याने काय लिहिलंय ते उघडून वाचलंय असं एकालाही बघून वाटलं नाही. प्रत्येकाने आपापल्या परीने चूक केली असंही नाही, पहिल्यांदा चार आठवडे गोळी देऊन बघणं हे त्यांच्या नियमातच आहे. पण तिसऱ्या वेळी तरी कोणीतरी थांबायला हवं होतं. म्हणून जूनमध्ये मी स्वतः फॉर्म भरला, सगळ्या तारखा टाकल्या, गोळ्यांचे डोस टाकले, वजन चार किलो उतरलंय हे लिहिलं आणि शेवटी लिहिलं की आधी भेटलेल्यांपैकी कोणी नको, फाइल पूर्ण वाचून भेटेल असा एकच डॉक्टर द्या. तेव्हा त्या मुलाच्या खोकल्यावाल्या डॉक्टरीणबाई मिळाल्या. त्यांनी पहिली पाच मिनिटं नुसतं स्क्रीनवर वाचलं, काही बोलल्याच नाहीत, मग विचारलं, लहानपण कुठे गेलं, घरात अजून कोणाला अल्सर होता का. सासऱ्यांना होता. म्हणाल्या एच पायलोरी नावाच्या जंतूची टेस्ट करू, भारतात वाढलेल्या लोकांत तो पुष्कळ सापडतो, ती आधीच व्हायला हवी होती, सॉरी. आणि वजन उतरलंय म्हणून त्याच दिवशी रक्त आणि एंडोस्कोपीचं रेफरलही पाठवलं.

गंमत अशी की त्या टेस्टच्या आधी दोन आठवडे ओमेप्राझोल बंद ठेवावी लागते, नाहीतर जंतू असून दिसत नाही. म्हणजे गेले पाच महिने ज्या गोळीवर ठेवलं तीच बंद करून पंधरा दिवस गॅव्हिस्कॉन पीत काढायचे. रात्री दोन-दोन वाजता बिचारा उशांवर उशा रचून बसलेला असायचा. मग शौचाच्या नमुन्याची डबी नेऊन दिली. रिझल्ट कधी यावा? शुक्रवारी संध्याकाळी 6.18 ला एसएमएस, "तुमचा रिपोर्ट नॉर्मल नाही. कृपया सर्जरीशी संपर्क साधा." बंद व्हायला बारा मिनिटं, फोन एंगेज. दोन रात्री आम्ही गूगलवर काय काय वाचलं ते लिहीत नाही. एंडोस्कोपीची तारीख अजून आलेली नव्हती, त्यामुळे डोक्यात एकच शब्द. सोमवारी कळलं, जंतू पॉझिटिव्ह, सात दिवसांचा कोर्स, दोन अँटिबायोटिक आणि तीच ओमेप्राझोल. एंडोस्कोपीत सूज सोडून काही निघालं नाही. आज तो मिसळ खातो.

ह्यावर मी तक्रार केली, आणि करा असं मी सगळ्यांना सांगेन. चिडून नाही, दीड पानाचं साधं पत्र प्रॅक्टिस मॅनेजरला, तारखांसकट. मागण्या दोन. फाइल न वाचता तीनदा तीच गोळी का दिली ह्याचं उत्तर, आणि असे एसएमएस शुक्रवारी संध्याकाळी पाठवणं बंद करा. तीन दिवसांत पोच आली, पाच आठवड्यांनी उत्तर. माफी मागितली होती, डॉक्टरांच्या मीटिंगमध्ये केस चर्चेला घेतली असं लिहिलं होतं आणि नवऱ्याच्या फाइलवर आता त्या बाईंचं नाव नेहमीचा डॉक्टर म्हणून लावलंय. उत्तर पटलं नसतं तर पुढे ओम्बड्समनकडे (म्हणजे लोकपालाकडे) जाता येतं, तशी वेळ आली नाही. एसएमएसचं मात्र "धोरण तपासत आहोत" असं गुळमुळीत. त्याबद्दल एक स्टार कापलाय आणि तो परत मिळणार नाही.

हे सगळं होऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हा बातम्यांत जेसचा नियम आला. जेसिका ब्रॅडी नावाची 27 वर्षांची मुलगी 2020 मध्ये कॅन्सरने गेली, तिने पाच-सहा महिन्यांत वीसहून जास्त वेळा सर्जरीशी संपर्क केला होता, बराचसा फोनवर आणि ऑनलाइन. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा करून सप्टेंबर 2025 मध्ये तो इंग्लंडभर आणवला. त्याच त्याच त्रासासाठी माणूस तिसऱ्यांदा आला आणि निदान नसेल, किंवा त्रास वाढत असेल, तर डॉक्टरने पहिल्यापासून परत विचार करायचा, समोर बोलवून तपासायचं, दुसऱ्याचं मत घ्यायचं. कायदा नाहीये तो, पण फॉर्ममध्ये "ही माझी तिसरी वेळ आहे" हे वाक्य पहिल्या ओळीत टाका. फरक पडतो.

आता चांगलं. आमच्या सर्जरीतली नर्स.

चाळीस झाली की 74 पर्यंत दर पाच वर्षांनी एनएचएस हेल्थ चेकचं बोलावणं येतं, आधीपासून काही आजार नसेल तर. मला मेसेज आला तेव्हा मी तीनदा पुढे ढकललं, मला काय झालंय. शेवटी गेले. वजन, उंची, कंबर, बीपी, रक्त. माझा बीएमआय 24.6, तक्त्यात छान हिरव्या पट्ट्यात, मी खूश. नर्स म्हणाली, थांब, हा तक्ता तुझ्यासाठी नाही. साउथ एशियन लोकांना 23 पासूनच धोका वाढतो. आणि रक्तात एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, निघाली 44. इथे मोजमाप वेगळं आहे, आपल्याकडच्या हिशोबात ते 6.2 टक्के. 42 ते 47 म्हणजे डायबेटिस नाही पण दारात उभा, 48 ला आत. मला रडूच आलं, वडिलांचं सगळं डोळ्यापुढे आलं, त्यांचा पाय.

तिने घाई केली नाही. तिची दहा मिनिटं केव्हाच संपली होती. टिश्यूचं खोकं पुढे सरकवलं आणि मग विचारायला लागली, दिवसभरात काय खातेस, सकाळपासून सांग. पत्रक नाही काढलं! चपाती तिला माहीत होती, किती, केवढी, तेल लावतेस का. भाकरी सांगितली तर म्हणाली ज्वारी का बाजरी. (आधीची एक पेशंट सोलापूरची आहे म्हणे, कोण ते तिने सांगितलं नाही आणि मी अजून शोधतेय.) मग मी ऐटीत सांगितलं की मी आठवड्यातून दोनदा उपवास करते, त्यामुळे तशी कंट्रोलमध्येच असते. उपवासाला काय खातेस? साबुदाण्याची खिचडी, बटाटा, वर रताळं, आणि चहा. तिने साबुदाण्याचं स्पेलिंग विचारलं, समोर गूगल केलं, स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि काही न बोलता नुसती बघत राहिली. मला इतकं हसू आलं. मंगळवार-शनिवार मी देवाच्या नावाने स्टार्च खात होते. उपवास सोड असं ती एका शब्दाने बोलली नाही, तुझ्या देवाला शेंगदाणे आणि दही चालतं का एवढंच विचारलं. चालतं.

तिने डायबेटिस प्रिव्हेन्शनच्या नऊ महिन्यांच्या प्रोग्रामला नाव घातलं, त्यात एक पंजाबी आंटी, दोन इंग्लिश आजोबा आणि मी असा अजब ग्रुप जमला होता, त्याबद्दल परत कधीतरी. सांगायचं ते हे की एक वर्षाने मी हे सगळं विसरून गेले असताना सर्जरीतून आपणहून मेसेज आला, तुमची वार्षिक रक्ततपासणी करायची आहे, ही लिंक, वेळ निवडा. फोन नाही, संगीत नाही, रांग नाही. आकडा आला 41. त्यांना मी आठवण करून दिली नव्हती, त्यांनी मला दिली. आठ वाजता फोन न उचलणारी सर्जरी आणि ही सर्जरी एकच आहे हे मला अजून खरं वाटत नाही.

ह्या नर्सकडेच मी स्मिअर टेस्ट केली, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची तपासणी. 25 ते 64 वयाच्या बायकांना इथे बोलावतात, ग्रुपवरच्या निदान चौघी जणींनी मला खासगीत सांगितलंय की पत्र आलं होतं, ड्रॉवरमध्ये ठेवलं. बायांनो, काढा ते पत्र. बाई नर्स मागता येते, सोबत कोणी उभं हवं असेल तर मिळतं, मध्येच थांबा म्हटलं तर थांबतात. दोन-तीन मिनिटं लागली. आमच्या नर्सने आधी ते अवजार हातात देऊन दाखवलं, प्लॅस्टिकचं असतं.

सासूबाई गेल्या मे महिन्यात पाच महिन्यांसाठी आल्या. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांनाही जीपी मोफत आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तीन महिन्यांपेक्षा कमी राहणार असतील तर टेम्पररी पेशंट म्हणून, जास्त असेल तर नेहमीसारखं नाव घालायचं. हॉस्पिटलात ॲडमिट व्हायची वेळ आली तर मात्र बिल येतं, तेही एनएचएसच्या दराच्या दीडपट, म्हणून इन्शुरन्सशिवाय आईवडिलांना आणू नका. आणि तिकडून निघताना गोळ्यांच्या पाकिटामागचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव लिहून घ्या, आपली ब्रँडची नावं इथे कोणाला कळत नाहीत.

त्यांचं बीपी निघालं 168/94. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, तू भाषांतर करू नकोस, मी फोनवर दुभाषी घेते. मला जरा लागलंच, म्हणजे मी काय खोटं सांगणार होते का? मराठी दुभाषी त्या वेळी मिळाला नाही, हिंदीवाली बाई मिळाली, सासूबाईंचं हिंदी म्हणजे "मेरेको चक्कर आती हैं" पण चाललं. मला बाहेर बसायला सांगितलं. त्या दुभाषीला त्यांनी जे सांगितलं ते मला कधीच सांगितलं नसतं. गोळ्या पुरत नव्हत्या, इथे औषध महाग असेल, मुलाला खर्च नको, म्हणून सहा आठवडे त्या अर्धी अर्धी गोळी घेत होत्या. सुरीने तोडून. भाजीच्या. आणि गंमत बघा, इथे एरवी एका औषधाला 9.90 पौंड पडतात पण साठीच्या वरच्यांना प्रिस्क्रिप्शन फुकट असतं, एक पेनी लागणार नव्हती. बाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी बीपी मोजून लिहून आणायला सांगितलं, सासूबाईंनी ते आकडे हिशोबाच्या वहीत मराठीत लिहिले, ४ आणि ५ वरून दवाखान्यात थोडा गोंधळ झाला.

तुमच्या जवळची सर्जरी कशी आहे ते बघायचं असेल तर सीक्यूसीचं (दवाखाने-हॉस्पिटलं तपासणाऱ्या सरकारी संस्थेचं) रेटिंग बघा, आऊटस्टँडिंग, गुड, रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट, इनॅडिक्वेट असे चार प्रकार, ते दर्शनी भागात लावावं लागतं. पण खाली तारीख बघा. आमचीला "गुड" आहे आणि तपासणी झाली तेव्हा माझा मुलगा जन्माला यायचा होता. त्यापेक्षा जीपी पेशंट सर्व्हे बरा, दरवर्षी होतो आणि प्रत्येक सर्जरीचा वेगळा दिसतो, त्यात "फोनवर पोचणं सोपं आहे का" हा प्रश्न एक आणि "डॉक्टरने नीट ऐकून घेतलं का" हा प्रश्न दुसरा, दोन्ही वेगवेगळे वाचा. आमच्या सर्जरीत ह्या दोन आकड्यांत एवढी दरी आहे की बसून मोठ्याने हसले मी. गूगलचे स्टार बघूच नका, ते सगळे सकाळी 8.40 ला दिलेले असतात.

माझे पाचपैकी साडेतीन. बदलणार नाही, नऊ वर्षांत घर दोनदा बदललं पण दोन्ही वेळा त्यांच्याच हद्दीत बघितलं, इस्टेट एजंटला वाटलं शाळेसाठी.

एडिट: आता फोनवर नवीन सोय आलीय, रांगेतला नंबर धरून ठेवतात आणि तुमची पाळी आली की तेच फोन करतात. काल वापरून बघितली, खरंच पंचवीस मिनिटांत फोन आला. अर्धा स्टार वाढवणार होते. पण तेव्हा कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, ऐकूच आला नाही, आणि परत लावला तर क्रमांक 31.